पीआरआरएस विषाणू डुकराच्या पेशीत शिरतो कसा, आणि शेडवर त्याला अडवायचं कुठं

गाभण मादी शंभराव्या दिवसाच्या पुढे गाभ टाकते. विताना काही पिल्लं मेलेली, काही सुकून काळपट पडलेली निघतात. जगलेली पिल्लं आचळाला लागत नाहीत, पोटानं धाप टाकतात. मोठी जनावरं दोन-चार दिवस खाणं सोडतात, एखाद्याचे कान निळसर पडतात आणि मग बरीचशी सावरतात. शेडवर हे सगळं एकाच पंधरवड्यात दिसू लागलं, तर संशयितांच्या यादीत पीआरआरएस, म्हणजे पोर्साइन रिप्रॉडक्टिव्ह अँड रेस्पिरेटरी सिंड्रोम, वर असला पाहिजे. अमेरिकेत १९८७ साली हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तेव्हा कारण सापडेना, म्हणून त्याला नुसतंच 'गूढ रोग' म्हणत. विषाणू हाती लागला १९९१ मध्ये, नेदरलँड्सच्या लेलिस्टाड इथं. भारतात तो २०१३ साली मिझोराममध्ये आढळला.

सोलापूर जिल्ह्यातल्या वराहपालकानं रेणूंच्या पातळीवरची ही माहिती कशाला वाचायची? कारण हा विषाणू ज्या पेशीत शिरतो ती पेशी विषाणू-जिवाणू खाऊन टाकणारी आहे. एकदा तो तिच्या आत गेला की त्याला मारणारं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. आपल्या हातात जे काही आहे ते सगळं त्या क्षणाच्या आधीचं. कोणत्या टप्प्यावर विषाणू कमजोर असतो हे कळलं, की पैसा फवारणीवर घालायचा, सुयांवर घालायचा की कुंपणावर, हे ठरवता येतं.

विषाणू कसला, पेशी कोणती

पीआरआरएसचा विषाणू साधारण ५० ते ६५ नॅनोमीटर व्यासाचा. आत आरएनएचा, म्हणजे जनुकीय संदेशाचा, एकच धागा, सुमारे १५,००० अक्षरांचा. त्याभोवती प्रथिनाचं कवच आणि सगळ्यात बाहेर चरबीचं पातळ आवरण. या आवरणात विषाणूची प्रथिनं रोवलेली असतात. जीपी५ आणि एम ही जोडी संख्येनं जास्त; जीपी२, जीपी३ आणि जीपी४ हे त्रिकूट संख्येनं कमी, पण पुढं दिसेल की खरी कामगिरी त्यांचीच. बाहेरचं आवरण चरबीचं आहे, एवढी एक गोष्ट शेडवरच्या माणसानं पक्की लक्षात ठेवावी. साबण, धुण्याचा सोडा आणि कोरडं ऊन यांचं महत्त्व तिथूनच येतं.

त्याची आवडती पेशी म्हणजे मॅक्रोफेज, भक्षक पेशी. फुप्फुसाच्या वायुकोशांत या पेशी पहारा देतात. श्वासातून आलेली धूळ, जिवाणू, मेलेल्या पेशींचे तुकडे गिळून पचवणं हे त्यांचं काम. लसिका गाठी, प्लीहा आणि घशातल्या टॉन्सिलमध्येही त्या असतात. प्रत्येक मॅक्रोफेज या विषाणूला चालत नाही. पृष्ठभागावर ठरावीक प्रथिनं असलेली, पूर्ण वाढलेलीच चालते. विषाणू डुकरापुरताच मर्यादित आहे, माणसाला होत नाही. रोगाची बातमी फुटली की मांसाबद्दल अफवा उठतात, म्हणून हे सांगून ठेवलेलं बरं.

आत शिरण्याचे टप्पे

पहिला टप्पा नुसता चिकटण्याचा. पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना विषाणू आधी सैलसर चिकटतो. ही पकड कच्ची असते. मग तो सीडी१६९ या प्रथिनाशी जोडला जातो. सायलोॲडेसिन हे त्याचंच दुसरं नाव. सीडी१६९ सायलिक ॲसिड नावाची साखर ओळखून पकडतं, आणि ही साखर विषाणूच्या जीपी५ प्रथिनावर असते. यातली गंमत अशी की ती साखर विषाणू स्वतः बनवत नाही. आधीच्या डुकराच्या पेशीतून बाहेर पडताना त्या पेशीनंच ती त्याच्या अंगावर चढवलेली असते. म्हणजे डुकराची पेशी डुकराचीच साखर ओळखते आणि विषाणूला जवळ ओढते.

दुसरा टप्पा आत ओढलं जाण्याचा. पेशीचा पडदा त्या जागी आत दबतो, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी त्याला बाहेरून आधार देते आणि विषाणूसकट एक बारीक पिशवी तुटून आत जाते. या पिशवीतूनच एंडोसोम तयार होतो. प्रयोगशाळेत पेशी आणि विषाणू ४ अंश सेल्सिअसवर एकत्र ठेवले तर विषाणू चिकटतो, पण आत जात नाही. तापमान ३७ अंशांवर नेलं की आत जायला लागतो. चिकटणं आणि शिरणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे त्यातून दिसतं.

तिसरा टप्पा निर्णायक. एंडोसोम जसजसा पेशीत खोल जातो तसतसा तो आंबट होत जातो. मॅक्रोफेज गिळलेली वस्तू पचवण्यासाठीच हे करते. विषाणू नेमकी हीच आम्लता वापरतो. अमोनियम क्लोराइडसारखं द्रव्य घालून एंडोसोम आंबट होऊच दिला नाही, तर विषाणू पिशवीत अडकून पडतो आणि संसर्ग पुढं सरकत नाही. या पिशवीतच त्याची गाठ सीडी१६३ या प्रथिनाशी पडते. सीडी१६३ चं मूळ काम अगदी घरगुती आहे: फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिनशी जोडलेल्या रूपात उचलून साफ करणं. त्याचे एकापुढे एक असे नऊ खंड पेशीबाहेर असतात. पाचव्या खंडाशी विषाणूचा व्यवहार होतो, आणि विषाणूच्या बाजूनं जीपी२ व जीपी४ पुढं होतात.

चौथ्या टप्प्यात कॅथेप्सिन ई सारखी, मुळात पचनासाठी असलेली विकरं आणि आम्लता मिळून विषाणूचं आवरण एंडोसोमच्या पडद्याशी एकजीव होऊ देतात. कवच सुटतं, आरएनए पेशीरसात येतो. पुढचं काम वेगानं होतं. हा आरएनए पेशीला थेट वाचता येतो, त्यामुळं पेशी स्वतःहून विषाणूची प्रथिनं बनवू लागते. दहा-बारा तासांत नवे विषाणू बाहेर पडायला लागतात, आणि पेशी मरते.

यातला कोणता टप्पा खरंच अपरिहार्य?

बरीच वर्षं सगळा भर सीडी१६९ वर होता. पण २०१३ मध्ये सीडी१६९ चं जनुक बंद केलेली डुकरं तयार झाली, त्यांना विषाणू दिला, आणि ती इतर डुकरांसारखीच आजारी पडली. चिकटायला दुसरे मार्ग आहेत, असा त्याचा अर्थ. सीडी१६३ ची गोष्ट वेगळी. ज्या पेशींत हा विषाणू एरवी शिरत नाही, त्यांत सीडी१६३ घातलं तर शिरतो, हे २००७ मध्येच दिसलं होतं. मग मिसुरी विद्यापीठातल्या गटानं सीडी१६३ बंद केलेली डुकरं तयार केली. आजारी डुकरांसोबत एकाच कप्प्यात ठेवूनही त्यांना ताप आला नाही, रक्तात विषाणू सापडला नाही. तो निष्कर्ष २०१६ च्या सुरुवातीला छापून आला. एडिनबर्गच्या रॉस्लिन संस्थेनं पुढं आणखी नेमकं काम केलं: अख्खं प्रथिन न काढता फक्त पाचवा खंड काढला. हिमोग्लोबिन उचलायचं काम चालू राहिलं आणि विषाणूची वाट बंद झाली. अशा जनुक-संपादित डुकरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली.

ही मान्यता अमेरिकेतली; तिचं नाव घेऊन कुणी 'रोगमुक्त जातीची पिल्लं' म्हणून काही विकायला आलं तर त्याला परत पाठवा. आणि दुसरी गोष्ट: आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे एएसएफ, हाही मॅक्रोफेजमध्येच शिरतो, पण सीडी१६३ नसलेल्या डुकरांनाही तो होतो हे तपासून झालेलं आहे. त्याचा विषाणू पीआरआरएसच्या तीन-चार पट मोठा, डीएनएचा. तो क्लॅथ्रिनच्या वाटेनं जातो, शिवाय पेशी घोटाघोटानं बाहेरचं पाणी पिते त्या वाटेनंही जातो. पेशी एकच असली तरी वाटा वेगळ्या, म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू होत नाही. स्वाइन फीव्हरची (क्लासिकल, म्हणजे सीएसएफची) लस टोचली म्हणजे बाकी दोन्हींपासून सुटका झाली हा समज तर सगळ्यात महागात पडणारा.

लक्षणांचा उलगडा

गाभाच्या शेवटच्या टप्प्यातच गर्भपात का होतात? मादीच्या गर्भाशयाच्या अस्तरात आणि वारेत या विषाणूला चालणाऱ्या मॅक्रोफेज असतात. गाभाच्या शेवटी तो तिथं वाढतो आणि पिल्लापर्यंत पोचतो. ११४ दिवसांच्या गाभात शंभरीच्या आसपास गडबड होते ती त्यामुळं.

पिल्लं न्यूमोनियानं, मेंदूज्वरानं का मरतात? फुप्फुसातल्या पहारेकरी पेशी मेल्या की एरवी नाकातोंडात निमूट बसलेले स्ट्रेप्टोकॉकस, पाश्चुरेला यांच्यासारखे जिवाणू आत उतरतात. पशुवैद्यक अँटिबायोटिक देतात ते या जिवाणूंसाठी. विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. त्यामुळं 'इंजेक्शननं थोडं बरं वाटलं, म्हणजे जिवाणूचाच रोग होता' हा निष्कर्ष काढू नये.

आणि अँटिबॉडी असूनही डुक्कर विषाणू का बाळगतं? सुरुवातीच्या अँटिबॉडी विषाणूला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. निकामी करणाऱ्या उशिरा येतात, कधी महिन्यानंतर. उलट प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की अशा अर्धवट अँटिबॉडींचं शेपूट मॅक्रोफेज पकडते आणि विषाणूला आणखी एक वाट मिळते. टॉन्सिल आणि लसिका गाठींत विषाणू पाच महिन्यांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. टुणटुणीत दिसणारं डुक्कर घरात रोग घेऊन येतं ते असं.

आधी धुणं, मग औषध

पेशीबाहेरचा विषाणू नाजूक असतो. ५६ अंशांवर पाऊण तासात निकामी, ३७ अंशांवर दोन दिवसांत. आम्लता-अल्कता ६.५ ते ७.५ च्या बाहेर गेली की लवकर मरतो. वाळला की मरतो. मात्र ४ अंशांच्या थंडाव्यात ओला राहिला तर महिनाभर टिकू शकतो. सोलापूरचा एप्रिल-मे इथं तुमच्या बाजूनं आहे. रिकाम्या कप्प्यात ऊन पडू दिलं आणि फरशी खडखडीत वाळू दिली तर अर्धं काम फुकटात होतं. अडचण होते ती सावलीतल्या ओल्या शेणात, गव्हाणीखाली, आणि डुकरं गार राहावीत म्हणून केलेल्या लोळणीच्या डबक्यात. दोन कप्प्यांना मिळून एक डबकं ठेवू नका. फवारे लावा, पाणी वाहून जाऊ द्या.

कप्पा धुण्याचा क्रम असा. आधी खरवडून शेण-मूत काढा. मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं भिजवून अर्धा तास तसंच राहू द्या. ब्रशनं घासा, विशेषतः भिंतीचा खालचा फूटभर भाग आणि गव्हाणीची आतली कड. स्वच्छ पाण्यानं धुवा. वाळू द्या. आणि मगच जंतुनाशक. ओल्या फरशीवर फवारलं तर द्रावण पातळ होतं. शेणावर फवारलं तर क्लोरीन शेणातच खर्ची पडतं.

किती फवारायचं? दर चौरस मीटरला ३०० मिली. १० बाय २० फुटांचा कप्पा, भिंती तीन फुटांपर्यंत, असा हिशेब धरला तर साधारण ११ लिटर. म्हणजे शेतातला १६ लिटरचा पंप एका कप्प्याला पुरून थोडं उरतं. पाच लिटरमध्ये कप्पा उरकला असेल तर फरशी नुसती ओलसर झाली आहे, औषध पोचलेलं नाही. पंप तणनाशकाचा नको, वेगळा ठेवा.

ब्लीचिंग पावडर स्वस्त म्हणून चालते. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १० लिटर पाण्यात १६० ग्रॅम टाकली की अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. बादलीत ढवळा, पंधरा मिनिटं निवळू द्या आणि वरची निवळीच पंपात घ्या, नाहीतर गाळानं नोझल तुंबतं. उघडं पोतं सोलापूरच्या उन्हाळ्यात झपाट्यानं निकामी होतं. वास गेलेली पावडर म्हणजे चुनाच. लहान पिशव्या घ्या, झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा. ही पावडर टॉयलेटच्या ॲसिडसोबत कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो आणि बंद शेडमध्ये तो जिवावर बेततो.

बीकेसी, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइडवर बरेच जण विसंबतात. त्याचे दोन शत्रू आहेत: साबण आणि जड पाणी. साबण नीट न धुता वर बीकेसी फवारलं तर दोन्ही एकमेकांना मारतात. जिल्ह्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. भांड्यात पांढरा थर धरत असेल तर त्या पाण्यात बीकेसीचा जोर कमी पडणार हे धरून चाला. त्यासाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, नाहीतर पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटचं औषध घ्या, १ लिटरला १० ग्रॅम, किमान दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहील असं. महाग पडतं, पण गाभण माद्यांच्या कप्प्याला तेवढा खर्च करावा.

कॉस्टिक सोडा २ टक्के, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, रिकाम्या कप्प्यातल्या सिमेंटच्या फरशीला उत्तम. हातमोजे आणि चष्मा हवाच. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. अर्ध्या तासानं भरपूर पाण्यानं धुतल्याशिवाय जनावर आत सोडलं तर खुरांची आणि आचळांची कातडी भाजते.

फूटबाथबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. दारात ठेवलेला, वर शेणाची साय आलेला, दुपारच्या उन्हात आटलेला टब काहीच करत नाही. ठेवायचा तर दोन टब ठेवा: पहिल्यात साबणपाणी आणि लांब दांड्याचा ब्रश, दुसऱ्यात औषध. दोन बाय दीड फुटांच्या टबात तीन इंच द्रावण म्हणजे सुमारे २० लिटर. छपराखाली ठेवा आणि रोज बदला. आमच्या मते त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे शेडचे वेगळे गमबूट, जे शेडच्या दाराबाहेर कधीच जात नाहीत. दोन जोड घेतले की वर्षभर निघतात, आणि पाहुण्यालाही तेच घालायला देता येतात.

सुई, कातरी आणि नर

फवारणीवर खर्च करणारे इथं हमखास चुकतात. विषाणू रक्तात असतो, आणि एकाच सुईनं दहा पिल्लांना लोहाचं इंजेक्शन दिलं तर पहिल्या पिल्लाचं रक्त दहाव्यापर्यंत जातं. फुप्फुसापर्यंत पोचण्याचा, चिकटण्याचा सगळा प्रवास सुई वाचवते. रक्तातून विषाणू सरळ भक्षक पेशींच्या गराड्यात पडतो. मोठ्या जनावरांना दर जनावराला वेगळी सुई, पिल्लांना निदान दर वेताला वेगळी. मादीला १६ नंबर, पिल्लांना २० नंबर. पुन्हा वापरायच्या तर उकळत्या पाण्यात २० मिनिटं. पाण्याला बुडबुडे सुटल्यावर वेळ मोजायला लागा, सुई टाकल्यापासून नव्हे. चार-पाच वेळा उकळलेली सुई बोथट होते, ती फेकून द्या. औषधाच्या बाटलीत एक सुई कायम खोचून ठेवा आणि टोचायची वेगळी ठेवा, म्हणजे बाटली दूषित होत नाही.

दात कापायची पक्कड, शेपटीची कातरी, खच्चीकरणाचं पातं, यांनाही हाच नियम. दोन जोड ठेवा: एक औषधात बुडालेला, एक हातात. वेत बदललं की जोड बदला.

गावोगाव फिरवला जाणारा नर हा या रोगाचा मोठा वाहक. वीर्यातून विषाणू कित्येक आठवडे जातो आणि नर दिसायला ठणठणीत असतो. नर स्वतःचा ठेवा. परवडत नसेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून ठेवा, पण तो त्या चौघांच्या बाहेर जाता कामा नये.

नवीन जनावर, टेम्पो, मोकाट डुकरं, खरकटं

नवीन जनावर वेगळ्या जागी ठेवा, किमान ३० दिवस, जमलं तर ६०. वेगळी बादली, वेगळे गमबूट, आणि त्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी. आल्या आल्या रक्त तपासा आणि महिनाअखेर पुन्हा. संसर्गानंतर एक-दोन दिवसांत पीसीआरला, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीला, विषाणू सापडू लागतो. अँटिबॉडीची एलायझा चाचणी सहसा दुसऱ्या आठवड्यात होकारार्थी येते. उलट, जुना संसर्ग असेल तर रक्तातला विषाणू गेलेला असतो आणि टॉन्सिलमधला राहिलेला असतो, मग पीसीआर नकारार्थी येऊन फसवतो. म्हणून दोन्ही चाचण्या, दोन वेळा.

व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाच्या आत घेऊ नका. त्याच्या फळ्यांवर दहा शेडचं शेण असतं. विकायची डुकरं कुंपणापर्यंत आणून तिथं चढवा, आणि एकदा टेम्पोत चढलेलं जनावर भाव पटला नाही म्हणून परत शेडमध्ये घेऊ नका.

सोलापूर शहराच्या कडेला आणि मोठ्या गावांतून मोकाट डुकरं फिरतात. नाकाला नाक लागेल एवढी फट पुरते. एकेरी जाळी असेल तर आतून मीटरभर अंतरावर दुसरी आडकाठी करा आणि जाळीचा खालचा फूटभर भाग दगडविटांत गाडा, कारण डुक्कर उकरतं.

मंगल कार्यालयं, खानावळी, महामार्गावरचे ढाबे इथलं खरकटं घालत असाल तर ते उकळल्याशिवाय घालू नये. यात मुख्य भीती एएसएफची. तो विषाणू डुकराच्या कच्च्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने राहतो. उकळी आल्यावर अर्धा तास, ढवळत. तळाला करपतं आणि वर कच्चंच राहतं, म्हणून ढवळणं महत्त्वाचं. मोठी हाडं, गोळे आधी फोडा. कच्च्याची बादली आणि शिजलेल्याची बादली वेगळ्या रंगाच्या ठेवा.

संशय आला तर

शेडवरून एकही जनावर हलवू नका. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मोठ्या जनावरांना ४१-४२ अंश ताप, कातडीवर लाल-जांभळे डाग आणि आठवडा-दहा दिवसांत सगळ्या वयाची डुकरं पटापट मरत असतील तर एएसएफ किंवा सीएसएफ समजून चाला. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं अशा रोगांची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. डोळ्यांनी हे तिन्ही रोग शंभर टक्के वेगळे करता येत नाहीत, त्यामुळं 'आपल्याकडचा साधाच आहे' असं ठरवून गप्प बसू नका.

मेलेलं डुक्कर स्वतः फाडू नका. एएसएफ असेल तर रक्ताचा प्रत्येक थेंब रोग पसरवतो. नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येऊन अचानक मेलं असेल तर फाशी रोगाचीही (अँथ्रॅक्स) शक्यता असते, आणि तो माणसाला होतो.

नमुने पशुवैद्यकानंच घ्यावेत, पण तयारी तुम्ही ठेवू शकता. साध्या नळीत ५ मिली रक्त सीरमसाठी, ईडीटीए नळीत (यात रक्ताची गाठ होत नाही) ३ ते ५ मिली पीसीआरसाठी. पडलेला गर्भ बहुतेकदा सडायला लागलेला असतो, त्यात विषाणू सापडेलच असं नाही. त्याऐवजी त्याच वेताची अशक्त, नुकतीच जन्मलेली जिवंत पिल्लं दाखवा. त्यांचं रक्त सगळ्यात उपयोगी. वाढत्या डुकरांच्या कप्प्यात न रंगवलेला सुती दोर खांद्याच्या उंचीवर २० ते ३० मिनिटं टांगला की डुकरं तो चघळतात. तो स्वच्छ पिशवीत पिळून निघालेली लाळही पीसीआरला चालते. साधारण २५ डुकरांमागे एक दोर. नमुने थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांत ठेवा, गोठवू नका. ईडीटीएतलं रक्त गोठवलं की पेशी फुटतात. पीसीआरसाठीचा अवयवाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये घालू नका. पुण्यात औंधला पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. अडीचशे किलोमीटरचा रस्ता उन्हाळ्यात करायचा तर रात्री किंवा पहाटे निघावं, आणि डब्यात बर्फ दुप्पट भरावा.

उद्रेक चालू असताना सीएसएफची लस घाईघाईनं टोचण्याआधी पशुवैद्यकाशी बोला. पीआरआरएसनं भक्षक पेशी निकामी केलेल्या असताना त्या लसीचा प्रतिसाद कमजोर पडतो, आणि टोचताना सुयाही फिरतात.

मेलेली जनावरं खोल पुरा: खड्डा किमान दोन मीटर, खाली-वर चुना, वर मीटरभर तरी माती, विहीर-बोअरपासून लांब. सांगोल्याकडच्या माळावर दोन-तीन फुटांवर मुरूम-खडक लागतो, तिथं जेसीबीशिवाय भागत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खणणं सोपं, पण उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगाळते, वास वर येतो आणि कुत्री उकरतात. तिथं वरून मोठे दगड आणि बाभळीचे काटे टाका, आणि पहिल्या पावसानंतर खचलेली जागा पुन्हा भरा.

उद्रेक ओसरल्यावर

इथं घाई नडते. मादी पुन्हा माजावर आली, पिल्लं खायला लागली, की लोक रिकामे कप्पे भरायला बाजारात जातात. कळपातल्या वाहक जनावरांना नवीन, कधीच संसर्ग न झालेली जनावरं मिळाली की त्यांच्या मॅक्रोफेजमध्ये विषाणू पुन्हा वाढतो आणि चक्र सुरू होतं. म्हणून मोठ्या फार्मवर कळप किमान २०० दिवस बंद ठेवतात: नवीन मादी नाही, नर नाही, बाहेरचं पिल्लू नाही. जुन्या जनावरांतला विषाणू तेवढ्या काळात हळूहळू विझतो. दहा-पंधरा माद्यांच्या शेडला एवढे दिवस परवडत नसतील तर सगळा कळप पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं कत्तलीसाठीच काढावा, दुसऱ्या पालकाला विकू नये. मग वर दिलेल्या क्रमानं शेड धुऊन तीन-चार आठवडे कोरडी ठेवावी.

पुन्हा भरण्याआधी दोन ते चार लहान, तपासून नकारार्थी ठरलेली डुकरं आणा. कळप बंद ठेवला असेल तर त्यांना जुन्या माद्यांशेजारी ठेवा, शेड रिकामी केली असेल तर ती सगळ्या कप्प्यांतून फिरू द्या. तीन ते चार आठवड्यांनी त्यांचं रक्त पीसीआर आणि एलायझाला पाठवा. दोन्ही अहवाल नकारार्थी आले तरच पैसे बाहेर काढा. एकही होकारार्थी आला तर बंदीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.